मुलांना घेऊन युरोपात रेल्वेने: पॅरिस ते व्हिएन्ना, पायरीपायरीने

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं पॅरिसला उतरलो आणि १४ रात्रींनी व्हिएन्नाहून परतीचं विमान पकडलं. मी, नवरा, ९ वर्षांची थोरली आणि ५ वर्षांचा धाकटा. मधला सगळा प्रवास रेल्वेने केला: पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन, व्हेनिस, व्हिएन्ना. टूर कंपनी नव्हती, सगळं स्वतः ठरवलं. ठरवताना मला जवळपास तीन महिने लागले, कारण माहिती भरपूर होती पण तुकड्यातुकड्यांत. एकीकडे पासची जाहिरात, दुसरीकडे व्हिसाचे नियम, आणि मुलांच्या वयाचा प्रश्न आला की प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून ज्या क्रमाने मी आज पुन्हा हे सगळं करेन, त्या क्रमाने लिहिते आहे.

१. देश नंतर, आधी रात्री मोजा

आमच्या पहिल्या कागदावर १४ रात्रींत सहा देश होते. ॲम्स्टरडॅम आणि प्राग खोडताना जीवावर आलं, पण ती खोडाखोड हाच या सहलीतला सगळ्यात शहाणा निर्णय ठरला. मुलांबरोबर मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी दहाला हॉटेल सोडायचं, संध्याकाळी चार-पाचला नव्या खोलीत शिरायचं, आणि त्यानंतर त्यांच्यात फक्त जेवून झोपण्याइतकं त्राण उरतं. मुक्काम हलवण्याचा दिवस फिरण्याच्या हिशेबात धरूच नका.

मी हे नियम पाळेन:

- एका ठिकाणी किमान ३ रात्री.
- एका बैठकीत साधारण ४ तासांची गाडी. प्रवास त्याहून मोठा असेल तर मधे जेवणापुरतं उतरायचं. अख्ख्या सहलीत याला फक्त एक अपवाद.
- सकाळी नऊच्या आधीची गाडी नको. सहाच्या गाडीचं तिकीट स्वस्त दिसतं, पण झोप मोडलेलं पाच वर्षांचं मूल दिवसभर त्याची किंमत वसूल करतं.
- मार्ग एकाच दिशेने. विमानाचं तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा: जाताना पॅरिस, येताना व्हिएन्ना. परतीसाठी पुन्हा पॅरिसला जाण्यात एक दिवस आणि चौघांची तिकिटं फुकट जातात.

आमची आखणी अशी होती: पॅरिस ३ रात्री, इंटरलाकेन ५, व्हेनिस ३, व्हिएन्ना ३. पॅरिस ते बासेल साधारण ३ तास, तिथे गाडी बदलून इंटरलाकेनपर्यंत आणखी २ तास. इंटरलाकेनहून श्पीत्समार्गे मिलान साडेतीन तासांच्या आत-बाहेर, मिलानला दोन तास थांबून जेवण, पुढे अडीच तासांत व्हेनिस. व्हेनिस ते व्हिएन्ना थेट गाडी, सात तासांच्या आसपास. हाच आमचा तो एक अपवाद.

मे महिन्याबद्दल दोन गोष्टी आधीच सांगते. आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात म्हणून आपण मेमध्ये जातो, पण तेव्हा आल्प्समध्ये हंगाम बदलत असतो. बऱ्याच केबलकार एप्रिल-मेमध्ये देखभालीसाठी बंद असतात, आणि इंटरलाकेनजवळची शिनिगे प्लाटेची डोंगरगाडी जूनमध्ये सुरू होते. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनाला जाणारी गाडी मात्र वर्षभर चालते. दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. ईस्टरनंतरच्या सहाव्या आठवड्यातला ‘असेन्शन’चा गुरुवार आणि त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी येणारा ‘व्हिट मंडे’ या दिवसांना जोडून लोक लांब सुट्टी घेतात आणि गाड्या भरभरून जातात. २०२६ मध्ये हे दिवस १४ मे आणि २५ मे रोजी येतात. मुक्काम हलवण्याचा दिवस त्यांच्या आसपास ठेवू नका.

२. व्हिसा: सगळ्यात जास्त वेळ इथे ठेवा

शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे फिरता येतात. अर्ज मात्र ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आमच्या ५ रात्री स्वित्झर्लंडमध्ये होत्या, म्हणून विमान पॅरिसला उतरत असूनही अर्ज स्वित्झर्लंडकडे केला. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, इथे अनेकांचा गोंधळ होतो. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि राहायचं दुसरीकडे, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना माफ. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, कारण मार्च उजाडला की अख्खा महाराष्ट्र रांगेत असतो. १२ वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत काढलेला, २ कोरी पानं असलेला. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षांचीच असते, त्यामुळे आधी मुलांचे पासपोर्ट उघडून बघा.
- भरलेला अर्ज, प्रत्येकाचा वेगळा. मुलांच्या अर्जावर पालकांची सही.
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवे फोटो.
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा, सगळ्या शेंगेन देशांसाठी आणि जाण्यायेण्याचे दिवस धरून.
- विमानाचं आरक्षण, सगळ्या रात्रींची हॉटेलं, आणि दिवसवार आखणी.
- बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र.
- मुलांसाठी शाळेचं पत्र आणि जन्मदाखला.
- आई-वडिलांपैकी एकच बरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि पासपोर्टची प्रत.

जन्मदाखल्याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे बारशाआधीच जन्माची नोंद होते आणि कित्येक दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरी राहते. धाकट्याच्या दाखल्याचं तेच झालं होतं, नाव घालून घ्यायला महापालिकेच्या खेपा झाल्या. काही दाखल्यांवर आईचं माहेरचं नाव असतं आणि पासपोर्टवर सासरचं. तशी तफावत असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

लंडन जोडायचा विचार असेल तर ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि परत पॅरिसला यायचं तर शेंगेन व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. मुलांबरोबरच्या पहिल्या सहलीत मी हे टाळेन.

३. पास की सुटी तिकिटं?

सगळे आधी याच प्रश्नावर अडकतात. उत्तर तुमच्या कागदावरच्या प्रवासांच्या संख्येत आहे.

पास म्हणजे ठराविक दिवस अनेक देशांतल्या गाड्यांत चालणारं एकच तिकीट. भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी इंटररेल. इथे पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, तुम्ही कुठले रहिवासी हे बघतात. युरेलचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. ‘एका महिन्यात कुठलेही ४, ५ किंवा ७ दिवस’ किंवा ‘दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस’ असे प्रकार मिळतात. एका मोठ्या माणसाबरोबर ४ ते ११ वयाच्या दोन मुलांचा पास फुकट असतो, मात्र तो मोठ्यांच्या पासबरोबर मागून घ्यावा लागतो. ४ वर्षांखालच्या मुलाला पासच लागत नाही.

हे वाचून मी लगेच पास घेणार होते. मग लक्षात आलं की पास म्हणजे प्रवासाची परवानगी, जागा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांत आरक्षण सक्तीचं आहे, त्याचे पैसे वेगळे, आणि मुलाचा पास फुकट असला तरी त्याच्या जागेचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय पासधारकांसाठी काही गाड्यांत मोजक्याच जागा ठेवलेल्या असतात.

माझं मत असं: लांबचे प्रवास तीन-चारच असतील आणि तारखा पक्क्या असतील तर दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं घ्या, स्वस्त पडतात. प्रवास सहा-सातच्या पुढे असतील आणि त्यातले बरेच जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या पट्ट्यात असतील तर पास घ्या, कारण तिथल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांत आरक्षणाशिवाय बसता येतं आणि मुलाचा मूड बघून गाडी बदलता येते.

आम्ही दोन्हींचा मेळ घातला. लांबच्या प्रवासांची सुटी तिकिटं आणि स्वित्झर्लंडसाठी ६ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास. हा पास सलग दिवसांचा असतो आणि त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरांतल्या ट्राम आणि ५०० हून जास्त संग्रहालयं येतात. पालकाकडे हा पास असला की ६ ते १५ वयाच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं, पास घेतानाच मागायचं. ६ वर्षांखालची मुलं तशीही फुकट. टीजीव्हीचं तिकीट फक्त पॅरिस ते बासेल काढलं आणि बासेलपासून पुढे पास सुरू केला. रिगी डोंगराची गाडी पासमध्येच येते. युंगफ्राउयोखला मात्र पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पुरा चालतो, वरच्या टप्प्याला सवलत मिळते आणि तरीही ते महाग आहे.

सुटी तिकिटं घेताना मुलांचं वय हा सापळा आहे. ढोबळ हिशेब असा:

- जर्मनी: ६ वर्षांखाली फुकट. ६ ते १४ वयाची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट, पण तिकिटावर त्यांची नोंद हवी.
- ऑस्ट्रिया: ६ वर्षांखाली फुकट, ६ ते १४ अर्धं तिकीट.
- स्वित्झर्लंड: ६ वर्षांखाली फुकट, १६ पूर्ण होईपर्यंत अर्धं.
- फ्रान्स: ४ वर्षांखाली मांडीवर फुकट, ४ ते ११ सवलत.
- नेदरलँड्स: ४ वर्षांखाली फुकट, ४ ते ११ साठी दिवसाला २.५० युरोचं ‘रेलरनर’ तिकीट.

म्हणजे आमचा धाकटा ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये फुकट होता, फ्रान्समध्ये नव्हता. ‘फुकट’ म्हणजे हक्काची जागा नाही हेही लक्षात ठेवा. आरक्षण ऐच्छिक असलं तरी लांबच्या गाडीत मुलासाठी जागा विकत घ्याच. गर्दीच्या डब्यात पाच वर्षांचं मूल तीन तास मांडीवर बसत नाही.

व्हिसा हातात येण्याआधी तिकिटं घ्यायची का? परतावा मिळणारी किंवा बदलता येणारी असतील तरच. युरेल पास सुरू करण्याआधी काही रक्कम कापून परत करता येतो, पण सवलतीच्या हंगामात घेतलेल्या पासला ही सोय नसते.

४. कुठे बसायचं ते आरक्षणाच्या वेळीच ठरवा

युरोपात मुलांसाठी राखलेले कोपरे असतात, पण ते आपोआप मिळत नाहीत. जर्मनीच्या आयसीई गाड्यांत लहानग्यांचा बंद कप्पा आणि कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो. ऑस्ट्रियाच्या रेलजेटमध्ये फॅमिली झोन आहे. स्वित्झर्लंडच्या दुमजली इंटरसिटी गाड्यांत वरच्या मजल्यावर घसरगुंडी असलेला ‘टिकी पार्क’ डबा असतो. त्याच्यासाठी आम्ही एकदा मुद्दाम अर्धा तास उशिराची गाडी पकडली, आणि मुलांच्या आठवणीत स्वित्झर्लंड म्हणजे आजही बर्फाच्या आधी ती घसरगुंडी आहे. एसबीबीच्या, म्हणजे स्विस रेल्वेच्या, ॲपमध्ये गाडीचा तपशील उघडला की कुठल्या डब्यात काय आहे ते दिसतं.

जागा निवडताना मधे टेबल असलेल्या समोरासमोरच्या चार जागा घ्या. पत्ते, रंगकाम, जेवण, पेंगणं, सगळं त्या टेबलावर होतं.

रात्रीच्या गाडीचा मोह होणार. मुलांसह जायचं तर अख्खा कप्पा आपल्या नावावर घेता आला तरच जा, आणि तो महिनोन्‌महिने आधी भरतो.

५. स्टेशनांची नावं पाठ करा

मुंबईत सीएसएमटी, दादर आणि एलटीटी वेगळी असतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. पॅरिसचंही तसंच आहे: ॲम्स्टरडॅम-ब्रसेल्स-लंडनच्या गाड्या गार द्यु नोरहून, स्वित्झर्लंडच्या गार द लियोंहून, जर्मनीच्या गार द लेस्तहून. नोर ते लियों आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘डी’ लाइनने दोनच थांबे आहेत, पण मुलं आणि बॅगा घेऊन भुयारातून चालायला अर्धा-पाऊण तास धरा.

व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया बेटांवर. सांता लुचियाच्या दारातून बाहेर पडलं की समोर थेट कालवा दिसतो, तो क्षण मुलांना द्या. पण हॉटेल बघताना नकाशावर पूल मोजा. व्हेनिसच्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर बॅग उचलावी लागते. वापोरेत्तो बोटीच्या थांब्यापासून एकही पूल न चढता पोहोचता येईल असं हॉटेल थोडं महाग पडलं तरी घ्या.

फलकावर गावांची नावं त्यांच्या भाषेत असतात. व्हिएन्ना म्हणजे ‘वीन’, म्युनिक म्हणजे ‘म्युन्शेन’, व्हेनिस म्हणजे ‘वेनेत्सिया’, फ्लॉरेन्स म्हणजे ‘फिरेंझे’, प्राग म्हणजे ‘प्राहा’. इंटरलाकेनलाही ‘वेस्ट’ आणि ‘ओस्ट’ अशी दोन स्टेशनं आहेत, डोंगराकडच्या गाड्या ओस्टहून सुटतात.

६. सामान आणि खाणं

हमाल नाहीत. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. म्हणून मोठ्या माणसामागे एक मध्यम ट्रॉली बॅग आणि मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी सॅक, याहून जास्त काही नको. नवऱ्याने हट्टाने एकच मोठी २८ इंची बॅग घ्यायचं सुचवलं होतं. ती वरच्या रॅकवर चढत नाही आणि मिलानच्या जुन्या डब्याच्या पायऱ्यांवर ती उचलायला दोन माणसं लागली असती, मग मुलांचा हात कोण धरणार? चालून थकणारं मूल असेल तर एका हाताने घडी होणारी हलकी स्ट्रोलर न्या, पाच वर्षांच्या मुलालाही ती उपयोगी पडते. कपडे पाच दिवसांचेच घ्या, मधल्या मुक्कामाला धुण्याची सोय असलेलं अपार्टमेंट बघा. तिथे वरण-भातही होतो.

खाण्याबाबत कायदा कडक आहे. युरोपीय संघाबाहेरून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, खव्याची मिठाई, पनीर घरी ठेवा. बाळाच्या दुधाची सीलबंद पावडर याला अपवाद आहे. तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याची इच्छा मेमध्ये हमखास होते, पण ताज्या फळाला कीड-रोग नसल्याचा (फायटोसॅनिटरी) दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. मेतकूट, पोहे, चिवडा, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या हे सगळं चालतं. पुऱ्या पहिल्या दोन दिवसांत संपवा.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात, तिथून दही, ब्रेड, केळी घेता येतात. रिकामी बाटली जवळ ठेवा, स्विस गावांतल्या कारंज्यांचं पाणी ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर पिता येतं. स्टेशनावरच्या स्वच्छतागृहांना नाणी लागतात, गाडीतलं फुकट असतं. उतरण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं, हा घरचा नियम करा.

७. चढणं आणि उतरणं

आम्ही डोंबिवलीचे. गाडी थांबायच्या आत आत शिरायची सवय रक्तात आहे. इथे ती विसरा. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, पण तुमच्या डब्याच्या दारासमोर उभं मात्र आधीपासूनच राहायचं. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि कुठला डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते फलकावर किंवा ॲपमध्ये दिसतं. हे न बघता उभं राहिलात तर गाडी आल्यावर दोन मुलं आणि दोन बॅगा घेऊन आठ डबे धावावं लागेल.

दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. फ्रान्समध्ये गाडी सुटण्याच्या २ मिनिटं आधी दारं बंद होतात. मिलानच्या मुख्य स्टेशनात फलाटाच्या आधी तिकीट तपासणारी फाटकं आहेत, त्यासाठी दहा मिनिटं जास्त ठेवा. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. तसं केलं नाही तर तिकीट असूनही दंड होतो.

काही गाड्या वाटेत दुभंगतात. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्युचिनेन या छोट्या स्टेशनात दोन भागांत तुटते, एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आम्ही पाटी न वाचता चढलो आणि लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांच्या दरीऐवजी भलत्याच गावात पोहोचलो. पास होता म्हणून पैसे गेले नाहीत, पण सकाळ गेली. तेव्हापासून डब्याच्या दारावरची पाटी वाचण्याचं काम थोरलीकडे दिलं आणि ती एकदाही चुकली नाही.

चुकामुकीचा नियम पहिल्याच दिवशी मुलांना समजावा, आणि रोज एकदा म्हणवून घ्या. चढताना आधी एक मोठा, मग मुलं, शेवटी दुसरा मोठा. उतरताना तसंच. मूल गाडीत राहिलं आणि आपण फलाटावर, तर त्याने जागेवरून हलायचं नाही, गणवेशातल्या माणसाला मनगटावरची पट्टी दाखवायची. मूल फलाटावर राहिलं तर त्याने तिथेच उभं राहायचं. पट्टीवर आमचा देशाच्या कोडसह फोन नंबर होता. आपत्कालीन क्रमांक सगळीकडे ११२.

चढण्याच्या गडबडीतच खिसे कापले जातात. ‘बॅग उचलू का?’ म्हणत पुढे येणाऱ्या अनोळखी हाताला ठाम नकार द्या. पासपोर्ट रॅकवरच्या बॅगेत ठेवू नका, अंगावर ठेवा. शेंगेनमध्ये सीमा दिसत नसली तरी पोलीस गाडीत येऊन पासपोर्ट बघतात.

८. गाडी चुकली किंवा उशीर झाला तर

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन वेगळी तिकिटं असतील तर ती जोखीम तुमची. म्हणून वेगळ्या तिकिटांच्या मधे किमान एक-दीड तास ठेवा. मिलानला आमची पहिली गाडी ४० मिनिटं उशिरा पोहोचली. दोन तासांचं अंतर ठेवलं होतं म्हणून जेवण उभ्याउभ्या झालं, पण व्हेनिसची गाडी मिळाली. मुलांसह प्रवास करताना दिवसाची शेवटची गाडी कधीही निवडू नका.

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के परत मागता येतात. तिकीट जपून ठेवा, अर्ज घरी आल्यावर करता येतो.

फोनमध्ये ही ॲप ठेवा: वेळापत्रकासाठी डीबी नॅव्हिगेटर, स्वित्झर्लंडसाठी एसबीबी मोबाइल, ऑस्ट्रियासाठी ओबीबी, पास असेल तर रेल प्लॅनर. सगळ्या तिकिटांच्या पीडीएफ दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. सिम किंवा ई-सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते विचारा, ‘युरोपीय संघ’ लिहिलेल्या अनेक प्लॅनमध्ये तो नसतो. तिथलं चलनही वेगळं, फ्रँक. आणि दर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात युरोपभर नवं वेळापत्रक लागू होतं, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या गाडीच्या वेळा तशाच्या तशा वापरू नका.

९. लांबचा दिवस

व्हेनिस-व्हिएन्नाच्या सात तासांचं मला सगळ्यात जास्त दडपण होतं. आम्ही दिवसाचे तुकडे केले. पहिला तास फक्त खिडकी. मग डबा उघडायचा. मग नकाशावर पुढचं स्टेशन शोधून खूण करायची: उदिने, फिलाख, क्लागेनफुर्ट. दुपारी भोजनयानात जाऊन गरम सूप, तेवढंच चालणंही होतं. मोबाइल फक्त शेवटच्या दीड तासात. बोगदे मोजायची वही दोघांनी केली होती, तिची सुरुवात इंटरलाकेन-मिलानच्या प्रवासात झाली होती. त्या मार्गावर जवळपास ३५ किलोमीटरचा लोच्बेर्ग आणि पाठोपाठ २० किलोमीटरचा सिम्प्लॉन लागतो. घड्याळ लावून ‘अंधार किती मिनिटं टिकला’ ते लिहायचं. वहीत शेवटी ६१ बोगदे झाले.

१०. परतीचा दिवस

व्हिएन्नात हॉटेल मुख्य स्टेशनाजवळ घेतलं तर विमानतळाला जाणारी रेलजेट तिथूनच मिळते आणि १५ मिनिटांत पोहोचता येतं. शहराच्या मध्यातल्या ‘वीन मिटे’ स्टेशनातून सुटणारी खास विमानतळ गाडी जास्त महाग आहे. साधी एस-७ लोकलही वीन मिटेहून मिळते, साधारण २५ मिनिटं घेते आणि बरीच स्वस्त पडते. तिकीट शहराच्या हद्दीबाहेरचं लागतं, त्यामुळे आधीचा शहराचा पास असेल तर फक्त वाढीव तिकीट काढा. आमच्या मुलांनी दुमजली डब्याचा आग्रह धरला म्हणून आम्ही एक गाडी सोडून पुढची घेतली. विमान सुटायला तेव्हा चार तास होते.